रोखपाल, कॅसिनो आणि तिजोरीची किल्ली

वाचकाचं पत्र

"आम्ही वडगाव बुद्रुकला राहतो. माझे मिस्टर राज्य सरकारच्या एका कार्यालयात लेखा शाखेत आहेत. १९ वर्षं नोकरी झाली, दीड वर्षापासून रोखपालाचं काम त्यांच्याकडे आहे. मागच्या दिवाळीनंतर ऑफिसातली मंडळी गोव्याला गेली होती. तेव्हा हे पहिल्यांदा मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर गेले आणि २२ हजार जिंकून आले. घरी पेढे आणले. त्यानंतर शुक्रवारी रात्रीची बस धरायची आणि सोमवारी पहाटे स्वारगेटला उतरून तसंच ऑफिस गाठायचं, असं बऱ्याचदा झालं. परवा त्यांची पगाराची स्लिप हाती लागली. पतसंस्थेची कपात दुपटीहून जास्त. म्हणाले, घरदुरुस्तीसाठी कर्ज घेतलंय. घरात एक खिळासुद्धा ठोकलेला नाही. शेवटी कबूल केलं की पावणेचार लाख गेले. आता पुढच्या महिन्यात पुन्हा ग्रुप निघतोय. हे म्हणतात, 'गोव्यात कॅसिनोला सरकारचंच लायसन्स आहे. सुट्टीत, माझ्या पैशाने खेळतो, नोकरीचा काय संबंध? आणि गेलेले एकदा निघाले की मी सोडणारच आहे.' माझे दीर म्हणतात, सरकारी नोकराला कॅसिनोत जायला बंदी आहे, कळलं तर नोकरी जाईल. खरं काय? यांच्या साहेबांना जाऊन सगळं सांगावं असं रोज मनात येतं. सांगू का? मुलगी यंदा दहावीला आहे. कृपया नाव छापू नका."

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती 'रोखपाल' या शब्दाची. नियमाचं उत्तर देतेच, कारण तुम्ही ते विचारलंय. पण हे वाचून तुमच्या हातून एकच गोष्ट होणार असेल, तर ती तिजोरीच्या किल्लीबद्दलची होऊ दे. त्याकडे येतेच.

आधी तुमच्या दिरांचं म्हणणं. अशी थेट बंदी जगात खरोखरच आहे. फिलिपिन्समध्ये १९८३ च्या अध्यक्षीय हुकुमापासून सरकारच्या कामकाजाशी थेट संबंध असलेल्या अधिकाऱ्यांना आणि लष्करातल्या लोकांना कॅसिनोत खेळता येत नाही. मकावची तर अर्थव्यवस्थाच कॅसिनोवर उभी, पण तिथल्या सरकारी नोकरांना चांद्र नववर्षाचे पहिले तीन दिवस सोडले तर कॅसिनोत प्रवेश नाही. सिंगापूरमध्ये सरकारी कर्मचारी वारंवार कॅसिनोत जात असेल किंवा वर्षभराचा प्रवेश घेत असेल, तर त्याला ते खात्याला कळवावं लागतं. या ठिकाणी कॅसिनो ऑफिसच्या वाटेवरच असतो. ज्याच्या हातात सरकारी पैसा, सही किंवा परवाना आहे, तो हरायला लागला की ते नुकसान त्याच्या खिशापुरतं राहत नाही, हे तिथल्या सरकारांनी ओळखलं आणि दारातच अडवायचं ठरवलं.

महाराष्ट्रात कॅसिनोच नाहीत. १९७६ साली आपल्याकडे कॅसिनो नियंत्रणाचा कायदा झाला होता, पण तो कधीच अंमलात आला नाही, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. गोव्याचा जुगाराचा कायदाही १९७६ चाच. त्यात पुढे दुरुस्त्या होऊन आधी पंचतारांकित हॉटेलांतल्या जुगाराच्या यंत्रांना आणि मग पाण्यातल्या बोटींना परवानगी मिळाली. २१ वर्षांखालच्यांना तिथे सोडत नाहीत. आणि १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना तिथे खेळायला मनाई आहे. ही गोष्ट तुमच्या मिस्टरांना आवर्जून सांगा. ज्या लायसन्सचा ते आधार घेतात, ते देणाऱ्या सरकारने आपली माणसं त्या टेबलांपासून लांब ठेवली आहेत.

तेव्हा पुण्याहून गेलेल्या माणसाने परवाना असलेल्या बोटीवर खेळणं हा फौजदारी गुन्हा नाही. एवढं त्यांचं बरोबर. हाच खेळ ते इथे कुणाच्या फ्लॅटवर किंवा फार्महाऊसवर पैसे लावून खेळले, तर मात्र १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू होतो. धाड पडली की नावं पोलीस ठाण्यात, आणि तिथून ऑफिसात. सरकारी नोकर ४८ तासांहून जास्त कोठडीत राहिला की तो निलंबित झाल्याचं मानलं जातं, त्यासाठी कुणा साहेबाच्या मर्जीची गरज लागत नाही. रेसकोर्सचं नाव ते काढतील, पुण्यात कुणीतरी काढतंच. घोड्यांच्या शर्यतीत कौशल्य असतं असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली म्हटलंय आणि तिथली बेटिंग परवान्याने चालते. पण तुमच्या घरचा प्रश्न कौशल्याचा नाही, त्यामुळे या वादात तुम्ही उतरू नका.

आता नोकरीचे नियम. राज्य कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. त्यात कॅसिनोच्या दाराशी अडवणारं सुटं कलम शोधत बसू नका, कारण तुमच्या मिस्टरांना धोका आहे तो दुसऱ्याच नियमांचा. तिसऱ्या नियमानुसार कर्मचाऱ्याने नितांत सचोटी राखायची आणि पदाला न शोभणारं काही करायचं नाही. हा नियम ऑफिसच्या वेळेपुरता नाही. शनिवार-रविवारी आणि गोव्यातही तो लागू असतो. त्यामुळे 'नोकरीचा काय संबंध' हा त्यांचा प्रश्न पहिल्याच पायरीवर निकालात निघतो. शिवाय मुख्यालय, म्हणजे नेमणुकीचं ठिकाण, सोडताना परवानगी घ्यावी लागते. त्यांनी दर वेळी ती घेतली होती का, तेही विचारा.

त्याहून जवळचा नियम कर्जबाजारीपणाचा आहे. सरकारी नोकराने आपला प्रपंच असा चालवायचा की सवयीचा कर्जबाजारीपणा येऊ नये, आणि कर्जवसुलीसाठी कोर्टात कारवाई झाली तर ते खात्याला कळवायचं, असं हे नियम सांगतात. ज्यांच्याशी कामाचा संबंध येतो त्यांच्याकडून पैसे उसने घ्यायलाही मनाई आहे. शेअर बाजारातली सट्टेबाजीसुद्धा याच नियमांत बसत नाही. एकदा सहलीत बोटीवर जाऊन दोन हजार हरलेल्या कर्मचाऱ्याच्या मागे कुणी फाईल घेऊन लागत नाही. खोटं कारण देऊन कर्ज काढणारा, हप्त्यांत पगार संपवणारा आणि तरीही खेळणारा कर्मचारी या नियमांच्या थेट कक्षेत येतो. तुमचे मिस्टर आज तिथे उभे आहेत.

आणि ते रोखपाल आहेत.

माझी बहुतेक नोकरी लेखा शाखेत गेली. अफरातफरीची जी प्रकरणं जवळून पाहिली, त्यांत सुरुवातीपासून सरकारला लुटायचं ठरवून बसलेला माणूस क्वचितच दिसला. बहुतेकांच्या जबाबात एकच वाक्य असे : सोमवारी भरणार होतो. शुक्रवारी जमा झालेली रोख, बँकेत भरायचं राहिलेलं चलन, आणि दोन दिवसांसाठी हाताशी असलेले पैसे. आता 'ग्रास' या सरकारी भरणा प्रणालीवरून आणि ऑनलाइन बरंच जमा होतं, रोख कमी झाली आहे, पण कित्येक कार्यालयांत फी, नकला, अनामत अशी किरकोळ वाटणारी रोख अजून काउंटरवर येते. ज्याला 'गेलेले काढायचे' आहेत, त्याच्यासमोर ही रक्कम रोज येऊन पडते. पैसे सोमवारी परत ठेवले तरी मधल्या दोन दिवसांची ती तात्पुरती अफरातफरच असते. भारतीय न्याय संहितेत लोकसेवकाने केलेल्या विश्वासघाताला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. रोखवहीवर रोज सही करणारा आहरण व संवितरण अधिकारीही, म्हणजे कार्यालयाचे पैसे काढायचे आणि वाटायचे अधिकार असलेला साहेबही, अडचणीत येतो. सगळं शाबीत होईपर्यंत वर्षं जातात. त्या काळात निलंबन, सुरुवातीला जेमतेम अर्ध्या पगाराइतका निर्वाह भत्ता, आणि पदोन्नती मोहोरबंद पाकिटात, म्हणजे निकाल लागेपर्यंत अडकलेली. तुमच्या मुलीची दहावी, बारावी आणि पुढचं कॉलेज या वर्षांत येतं.

त्यांनी सरकारी पैशाला हात लावलाय असं मी म्हणत नाही. तसं तुमच्या पत्रात काही नाही, आणि तुम्हीही तशा संशयाने बोलायला सुरुवात करू नका. पण हात लागायच्या आत त्यांना रोखपालाच्या टेबलावरून उठवता येतं, आणि ते त्यांनी स्वतः करायचं आहे. त्यांनी आपल्या अधिकाऱ्याला दोन ओळींचा अर्ज द्यावा : कौटुंबिक अडचणीमुळे रोख शाखेचं काम माझ्याकडून काढून दुसरीकडे द्यावं. कारण सविस्तर लिहायची गरज नाही. दीड वर्ष रोख सांभाळलेल्या माणसाने अशी विनंती केली तर त्यात कुणाला नवल वाटत नाही, उलट रोखपालाचं काम टाळायलाच सगळे बघतात. कार्यभार सोडताना रोख मोजून, रोखवही, पावतीपुस्तकं आणि किल्ल्या यादीनिशी ताब्यात द्याव्यात आणि सह्यांची प्रत घरी आणावी. मी पुढच्या गोवा ट्रिपच्याही आधी हा अर्ज मागते आहे. ट्रिप रद्द होऊन किल्ली खिशात राहिली तर धोका तसाच राहील.

आता तुमचा अवघड प्रश्न, साहेबांना सांगू का. आज नको, आणि निनावी अर्ज तर कधीच नको. निनावी कागद ऑफिसात पोचला की आधी चहाच्या टपरीवर वाचला जातो. त्यातून तुमच्या मिस्टरांच्या हाती स्वतःहून सावरण्याची संधी उरत नाही, आणि तुमच्यावरचा त्यांचा विश्वासही जातो, जो तुम्हाला पुढच्या वर्षभरात रोज लागणार आहे. पण याला एक अपवाद आहे. बोलताना त्यांनी सरकारी रकमेत तूट असल्याचं कबूल केलं, तर ते गुपित तुम्ही पोटात ठेवायचं नाही. त्याच दिवशी सेवाविषयक प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाला गाठा, आणि त्याच्या सल्ल्याने रक्कम भरून तुमच्या मिस्टरांनी स्वतः अधिकाऱ्यासमोर जायचं. स्वतःहून गेलेल्या माणसाकडे आणि तपासणीत सापडलेल्या माणसाकडे चौकशी अधिकारी सारख्या नजरेने बघत नाही. ते जायला तयारच नसतील, तर मग तुम्ही जा. तिथे माझा सल्ला बदलतो.

बोलायचं कसं? मुलगी क्लासला गेलेली असताना, दोघांनीच. दिरांना या पहिल्या बैठकीत बसवू नका. मोठ्या किंवा धाकट्या भावासमोर माणूस आकडा कमीच सांगतो. आणि आकडा हाच त्या बैठकीचा विषय आहे. पावणेचार लाख हा पहिल्या कबुलीतला आकडा आहे, तो शेवटचा असेल असं धरू नका. 'सेवार्थ' या सरकारी पगार-प्रणालीवरच्या गेल्या वर्षभराच्या पगाराच्या स्लिपा, पतसंस्थेचं पासबुक, बँकेचा उतारा, यूपीआयचा इतिहास आणि मोबाइलवर कर्ज देणारी ॲप हे सगळं समोर मांडा. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे माणसाच्या कर्जांची नोंद, सिबिलसारख्या प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, तोही त्यांनाच काढायला सांगा. बँकेची आणि फायनान्स कंपन्यांची लपलेली कर्जं त्यात दिसतात. मोबाइलवर पैसे लावून खेळतात का, हेही स्पष्ट विचारा. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे. त्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण अशा चोरट्या साइटवर अडकलेले पैसे मागायला जायची सोय कुठेच नाही.

आणखी एक प्रश्न विचारा, आणि याचं उत्तर टाळू देऊ नका : पुढच्या महिन्याच्या ट्रिपचा खर्च कोण करतंय? ऑफिसच्या ग्रुपमध्ये कधी कधी एखादा कंत्राटदार 'आपला माणूस' म्हणून सामील असतो. गाडी त्याची, हॉटेल त्याचं, आणि बोटीवर पैशांऐवजी लावायच्या पहिल्या चिप्सही तोच घेऊन देतो. त्याची बिलं ज्या शाखेतून जातात, त्या शाखेतल्या माणसाने त्याच्या पैशाने खेळणं हा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ चा विषय होतो, आणि ट्रिपचे फोटो हाच पुरावा ठरतो. तसं काही असेल तर त्यांनी त्या ग्रुपमधून बाहेर पडावं. हे मी कॅसिनोपेक्षाही जास्त जोर देऊन सांगते आहे.

जिंकलेल्या २२ हजारांचंही बघा. जुगारातल्या कमाईवर सरसकट ३० टक्के आयकर आणि वर उपकर लागतो, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. ती रक्कम विवरणपत्रात आली आहे का? ऑफिसात दरवर्षी द्यायच्या मत्ता व दायित्वांच्या विवरणात हे नवं कर्जही यायला हवं.

पैसे फेडायचा क्रम मी असा धरेन. सरकारी तूट निघालीच, तर सगळ्यात आधी ती, मग त्यासाठी सोनं मोडावं लागलं तरी मोडा आणि भरल्याची पावती जपा. त्यानंतर पतसंस्था. फ्लॅटचा हप्ता असेल तर तो चुकू द्यायचा नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. बोटीवर किंवा ग्रुपमध्ये झालेली उसनवारी सगळ्यात शेवटी. पण पतसंस्थेचं कर्ज तुमचे दागिने गहाण ठेवून एकदम मिटवू नका, कितीही वाटलं तरी. एका दमात कोरी झालेली पाटी जुगाऱ्याला पुन्हा कर्ज काढायची मोकळीक देते. पगारातून दर महिन्याला कपात होत राहू दे, ती दोघांना दिसत राहू दे. पगार तुमच्या दोघांच्या संयुक्त खात्यात आणा, महिन्याचा खर्च तुम्ही काढा, आणि एटीएम कार्ड काही काळ तुमच्याकडे राहू दे. हे ऐकताना त्यांना अपमान वाटेल. ते तयार झाले तर मनापासून सोडायची इच्छा आहे असं समजा.

'गेलेले एकदा निघाले की सोडणार' या त्यांच्या वाक्यावर मात्र विश्वास ठेवू नका. ते खोटं बोलत आहेत असं नाही, त्यांना ते खरंच वाटतंय. हरलेलं परत मिळवायला पुन्हा खेळणं, रक्कम लपवणं, खोट्या कारणाने कर्ज काढणं ही या आजाराची ओळखीची लक्षणं आहेत. आजार हा शब्द मी विचार करून वापरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत जुगाराचं व्यसन स्वतंत्र विकार म्हणून नोंदलेलं आहे. त्यामुळे देवासमोर शपथ, मुलीच्या डोक्यावर हात, यांत अडकू नका. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून तर मुळीच नको. मोडलेल्या शपथेचं ओझं ती विनाकारण वाहत राहील. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकट क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं, आणि तुम्ही स्वतःसाठीही बोलू शकता. ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे. येरवड्याला 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी ते सुरू केलं, आणि व्यसनी माणसाच्या घरच्यांशी कसं बोलायचं हे तिथल्या लोकांना नेमकं कळतं. जुगारासाठी तिथे कशी मदत मिळेल याची फोनवर चौकशी करून ठेवा. म्हणजे ते 'हो' म्हणाले त्याच आठवड्यात नेता येईल. अशा 'हो'ची मुदत फार नसते.

पुढच्या महिन्याच्या ट्रिपला त्यांनी जाऊ नये. 'फक्त बीचवर थांबेन' ही तडजोड या वेळी मान्य करू नका. ऑफिसात कारण द्यायला दहावीची मुलगी पुरेशी आहे.

शेवटचं राहिलं ते जामीनदारांचं. पगारदारांच्या पतसंस्थेत बहुधा ऑफिसातलेच दोन सहकारी जामीन असतात, आणि सहकार कायद्यानुसार थकलेलं कर्ज जामीनदारांच्या पगारातूनही वसूल होऊ शकतं. त्या दोघांनी घरदुरुस्ती समजून सही केली आहे. हप्ते नियमित जात असतील तर आज धावत जाऊन सगळं सांगायची गरज नाही. पण ज्या महिन्यात कपात चुकेल असं दिसेल, त्या महिन्याच्या आधी तुमच्या मिस्टरांनी त्या दोघांना भेटून कर्जाचं खरं कारण सांगायचं आणि पुढचे हप्ते कसे भरणार हे कागदावर लिहून द्यायचं. हे आत्ताच, त्या पहिल्या बैठकीतच त्यांच्याकडून कबूल करून घ्या.